बार्साला 2009 मध्ये पहिला गोल मारणारं अत्लांते नंतर गेलं कुठे?

तुम्ही विचारलंय की 2009 च्या क्लब वर्ल्ड कप सेमीफायनलला बार्सिलोनाला पाचव्या मिनिटाला गोल मारणारी ती मेक्सिकन टीम, अत्लांते, नंतर कधी दिसलीच नाही, मग क्लब बंद पडला का, आणि पडला नसेल तर एवढी टीम सेकंड डिव्हिजनला कशी काय गेली.

बंद नाही पडला. 2014 ला खाली गेला, आणि तिथून वर यायच्या आधी मेक्सिकोने वर यायचा जिनाच काढून टाकला. छोटं उत्तर एवढंच. पण ते ऐकून काहीच कळत नाही, कारण अत्लांतेचं दुखणं 2014 चं नाहीच, ते खूप जुनं आहे. मी कोचिंग करतो आणि जोडीला क्लब लायसन्सिंगची कागदपत्रं बघतो, त्यामुळे माझी नजर गोलांपेक्षा मालक कोण, ग्राउंड कुणाचं, करार किती वर्षांचा असल्या रुक्ष गोष्टींवर जास्त जाते हे आधीच सांगून ठेवतो. या क्लबच्या बाबतीत मात्र तीच नजर कामाची आहे, कारण शंभर वर्षांत यांनी जवळपास सगळं जिंकलं, फक्त स्वतःचं घर यांना कधी मिळालं नाही.

सुरुवात 1916 ची. मेक्सिको सिटी, रोमा आणि कोंदेसा हा भाग तेव्हा नवीन वसत होता, मोकळे प्लॉट भरपूर होते आणि त्यावर मजुरी, फुटकळ कामं करणाऱ्या घरातली पोरं खेळायची. त्यातल्या मार्तिनेस भावांनी, रेफुहिओ आणि त्रिनिदाद, टीम बांधली. रेफुहिओला सगळे 'वाकेरो' म्हणजे गुराखी म्हणायचे. टीमचं पहिलं नाव सिनालोआ, का तर तिथल्या रस्त्याचं नाव सिनालोआ. मग पहिलं महायुद्ध पेपरात रोज असायचं, तर बुडालेल्या जहाजावरून लुसितानिया ठेवलं, मग पाणबुडीवरून यू-53 ठेवलं (कुठल्या बाजूचे आहोत याची पोरांना काही पडलेली नव्हती हे उघड आहे), आणि शेवटी अटलांटिकमधल्या लढाया गाजत होत्या म्हणून अत्लांते. ते टिकलं.

आता त्या काळातलं मेक्सिकन फुटबॉल कसं होतं ते बघा म्हणजे हा क्लब लोकांना का आवडला ते कळेल. मोठे क्लब होते एस्पान्या, आस्तुरियास, हे स्पॅनिश लोकांचे. जर्मनांचा हेर्मानिया. इंग्रजांचा रेफोर्मा. अमेरिका नावाचा क्लब मेक्सिकन पोरांचा पण चांगल्या शाळेत शिकलेल्या पोरांचा. नेकाक्सा वीज कंपनीचा. आणि या सगळ्यांत अत्लांते, ज्यांच्याकडे ना कंपनी, ना वसाहत, ना शाळा. खेळाडू बहुतेक सावळे, मेक्सिकोच्या मूळनिवासी आणि मेस्तिसो म्हणजे मिश्र वंशाच्या चेहऱ्याचे, म्हणून लोक त्यांना 'प्रिएतितोस' म्हणायचे, म्हणजे सावळी पोरं. इतर क्लबवाले कदाचित हिणवून म्हणत असतील पण अत्लांतेवाल्यांनी ते अभिमानाने लावून घेतलं. दुसरं नाव 'पोत्रोस दे इएरो', लोखंडी शिंगरं. रंग निळा आणि गडद लाल, म्हणजे योगायोगाने बार्सासारखाच. आणि बिरूद काय, तर 'लोकांची टीम'. हे बिरूद लक्षात ठेवा, कारण यानंतर ही लोकांची टीम कोणाकोणाच्या मालकीची झाली ते मी सांगणार आहे.

1930 चा पहिला वर्ल्ड कप, उरुग्वे. मेक्सिको तिथे तिन्ही मॅच हरला, पण त्या टीममध्ये अत्लांतेची पोरं होती. फ्रान्सविरुद्ध 4-1 हरताना मेक्सिकोचा जो एक गोल झाला, तो हुआन 'त्रोम्पो' कारेन्योचा, म्हणजे मेक्सिकोचा वर्ल्ड कपमधला पहिलावहिला गोल अत्लांतेच्या माणसाचा. पुढच्या मॅचला, चिलेविरुद्ध, मानुएल रोसासने स्वतःच्याच जाळ्यात बॉल मारला, तो बहुतेक नोंदींमध्ये वर्ल्ड कपमधला पहिला सेल्फ गोल धरतात. आणि त्याच रोसासने तीन दिवसांनी अर्जेंटिनाविरुद्ध दोन गोल मारले, त्यातला एक पेनल्टीवर, तोही वर्ल्ड कपमधला पहिला पेनल्टी गोल म्हणून बऱ्याच ठिकाणी नोंदलाय. विशीच्या आतबाहेरचा पोरगा, एकाच स्पर्धेत दोन्ही टोकांचे विक्रम. याचा भाऊ फेलिपे रोसासपण त्याच टीममध्ये होता.

1931-32 ला लीग जिंकली, 1940-41 ला परत जिंकली. तो तीसचा काळ म्हणजे अत्लांते विरुद्ध नेकाक्सा, मेक्सिको सिटीतली तेव्हाची खरी मॅच ती. त्या दिवसांत क्लबच्या मागे उभा राहिलेला माणूस जनरल होसे मानुएल नून्येस, लष्करी आणि सरकारी वर्तुळातला, फुटबॉलचा वेडा. त्याने पैसा घातला, खेळाडू आणले, क्लब जगवला. चांगलंच केलं. पण लोकांच्या टीमचं पाकीट तेव्हापासून एका माणसाच्या खिशात गेलं आणि ते परत कधी बाहेर आलं नाही.

याच काळातला एक खेळाडू तुम्हाला, म्हणजे बार्सावाल्यांना, माहीत असायला हवा. मार्ती वेन्तोल्रा. बार्सिलोनाचा विंगर, 1934 चा वर्ल्ड कप स्पेनकडून खेळलेला. स्पेनमध्ये यादवी युद्ध चालू असताना बार्सिलोना 1937 ला मेक्सिको आणि अमेरिकेच्या टूरवर गेली, त्या टूरच्या पैशावर क्लब तरला असं म्हणतात, पण बरेच खेळाडू परत गेलेच नाहीत. वेन्तोल्रा मेक्सिकोत राहिला, राष्ट्राध्यक्ष लासारो कार्देनासच्या भाचीशी लग्न केलं, आधी एस्पान्याला आणि मग बरीच वर्षं अत्लांतेला खेळला. त्याचा मुलगा 1970 चा वर्ल्ड कप मेक्सिकोकडून खेळला. बाप एका देशाकडून, मुलगा दुसऱ्या देशाकडून. तर 2009 ला अबू धाबीत जी मॅच तुम्ही बघितली, त्या दोन क्लबांची ओळख त्याच्या सत्तर वर्षं आधीची होती.

चाळीसच्या दशकात आला होरासिओ कासारिन. हा मेक्सिकन फुटबॉलचा पहिला स्टार, सिनेमात पण काम केलेला. तो आधी नेकाक्साचा होता आणि 1939 ला आस्तुरियासच्या मैदानावर त्याला एवढं तुडवलं की पब्लिकने लाकडी स्टँड पेटवून दिले, स्टेडियम जळलं. 1943 ला प्रोफेशनल लीग आली तेव्हा नेकाक्साने गाशा गुंडाळला, आणि त्यांचे चाहते बरेचसे कासारिनच्या मागे अत्लांतेकडे आले असावेत असा माझा अंदाज आहे, कारण त्यानंतर गर्दीचा क्लब म्हणून अत्लांतेच उरला. 1946-47 ला लीग जिंकली, प्रोफेशनल काळातली पहिली. स्टेडियम कुठलं, तर सिउदाद दे लोस देपोर्तेस, 1946 चं, प्लाझा मेक्सिको या बैलझुंजीच्या रिंगणाला चिकटून. हे स्टेडियम रस्त्याच्या पातळीच्या खाली खोदलेलं आहे, बाहेरून बुटकं दिसतं आणि आत गेलं की खोल वाटी. या स्टेडियमचं नाव या उत्तरात परत येईल.

1947 नंतर पुढची लीग 1993 ला. मध्ये 46 वर्षं. या 46 वर्षांत काय झालं ते सगळं लिहीत बसलो तर संध्याकाळ होईल, म्हणून मुद्द्याचं तेवढं.

1966 ला आस्तेका स्टेडियम उघडलं, लाखभर लोकांचं. अत्लांते तिथे भाडेकरू. आता लाखाच्या स्टेडियममध्ये दहा-बारा हजार लोक बसले की ते रिकामंच दिसतं, आवाज वर निघून जातो, आणि घरचा फायदा म्हणून जे काही असतं ते शून्य. मी कोच म्हणून सांगतो, खेळाडूला रिकामी खुर्ची दिसते, तो नाही म्हणाला तरी दिसते. 1976 ला टीम खाली गेली. पण तेव्हाचा नियम सरळ होता, खालची लीग जिंका आणि वर या. 1976-77 ला जिंकली, वर आली, एका वर्षात विषय संपला.

मग मालक कोण झालं तर आयएमएसएस, म्हणजे मेक्सिकोची सरकारी सामाजिक सुरक्षा संस्था, जी कामगारांचे दवाखाने आणि पेन्शन चालवते. हो, दवाखाने चालवणाऱ्या सरकारी संस्थेने फुटबॉल क्लब विकत घेतला. आणि पैसा ओतला. ब्राझीलचा काबिन्यो आणला, हा मेक्सिकन लीगचा आजवरचा सगळ्यात जास्त गोल करणारा माणूस, 312 गोल, आठ वेळा टॉप स्कोरर. त्यातली सलग सात, पहिली चार पुमासकडून आणि पुढची तीन अत्लांतेकडून. गोलमध्ये अर्जेंटिनाचा रिकार्दो ला वोल्पे, 1978 च्या वर्ल्ड कप जिंकलेल्या स्क्वॉडमधला. 1981-82 च्या फायनलला आस्तेकात टिग्रेसविरुद्ध पेनल्टीवर हरले. अत्लांतेच्या जुन्या लोकांना विचाराल तर सगळ्यात भारी टीम ते हीच सांगतात, जी जिंकलीच नाही. 1983 ला कॉन्काकॅफ चॅम्पियन्स कप, म्हणजे उत्तर-मध्य अमेरिका आणि कॅरिबियनमधल्या क्लबांची स्पर्धा, ती मात्र मिळाली, फायनलला सुरिनामचा रॉबिनहूड क्लब, पहिली लेग 1-1, दुसरी 5-0.

सरकारी पैशाचं जे होतं ते झालं. ऐंशीच्या दशकात मेक्सिकोवर कर्जाचं संकट आलं, संस्थेने हात काढून घेतला, क्लब या हातातून त्या हातात. सिउदाद दे लोस देपोर्तेसला परत गेले तेव्हा स्टेडियमचं नाव अत्लांतेच्या रंगांवरून 'आसुलग्राना' ठेवलं गेलं, तेवढी एक आनंदाची गोष्ट. मग नव्या मालकाने 1989 ला टीम उचलून केरेतारोला नेली. तिथे कोरेहिदोरा नावाचं 1986 च्या वर्ल्ड कपचं मोठं स्टेडियम रिकामं पडलं होतं, म्हणून. एका सीझनमध्ये टीम सेकंड डिव्हिजनला. 1991 ला खालची लीग जिंकून परत वर, आणि परत मेक्सिको सिटीत.

आता माझ्या आवडीचा भाग, इथे जरा थांबतो.

तोच ला वोल्पे, आता कोच म्हणून, 1992-93. ही टीम मला व्हिडिओवर बघायला आजही आवडते. ला वोल्पेचं म्हणणं सोपं होतं पण करायला अवघड. मागून बॉल काढताना दोन सेंटर बॅक एकमेकांपासून लांब सरकायचे, मधला होल्डिंग मिडफिल्डर त्यांच्यामध्ये खाली यायचा, विंगबॅक वर जायचे. समोरच्या दोन स्ट्रायकरना कळतच नाही तीन माणसांना प्रेस कसं करायचं. आज ग्रासरूटच्या कोर्सलाही हे शिकवतात आणि पोरांना वाटतं हे कायमच असंच होतं. नव्हतं. ला वोल्पे ते रोज, तासन् तास, खेळाडूंचं डोकं उठेपर्यंत करून घ्यायचा, एकाने दोन पावलं चुकीची टाकली तर पुन्हा पहिल्यापासून. त्याच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते, आणि 2006 च्या वर्ल्ड कपला तो मेक्सिकोचा कोच असताना ग्वार्दिओलाने वर्तमानपत्रात लिहून त्याचं भरभरून कौतुक केलं होतं. ग्वार्दिओला त्याच वर्षी मेक्सिकोत दोरादोस क्लबकडून खेळूनही आलेला होता, म्हणजे बघूनच लिहिलं होतं.

त्या टीमची फायनल मोंतेरेयविरुद्ध झाली. घरी 1-0, आणि मोंतेरेयमध्ये जाऊन 3-0. फायनलला बाहेर जाऊन तीन गोल! गोलकीपर फेलिक्स फर्नांदेस, मागे मिगेल हेरेरा. तोच हेरेरा जो 2014 ला मेक्सिकोचा कोच होता आणि टचलाइनवर नाचायचा, तुम्ही बघितला असेल. राऊल गुतिएरेसपण त्याच टीमचा, ज्याने 2011 ला मेक्सिकोला अंडर-17 वर्ल्ड कप जिंकून दिला. आणि होसे ग्वादालुपे क्रूझ, जो पुढे कान्कूनला अत्लांतेचाच कोच झाला. एका टीममधून एवढे कोच निघतात तेव्हा समजायचं की ट्रेनिंगला खेळाडूंना फक्त पळवलं जात नव्हतं, समजावलं पण जात होतं.

पुढच्याच काही वर्षांत ऊगो सान्चेसपण एक सीझन इथे खेळून गेला, पण तो उतारवयातला. टीम टेलिव्हिजनवाल्यांच्या म्हणजे तेलेविसाच्या हातात गेली, ज्यांच्याकडे अमेरिका क्लब आधीच होता, तर अत्लांते म्हणजे घरातलं सावत्र पोर. 1996 ला क्रूझ आझुलने सिउदाद दे लोस देपोर्तेस घेतलं, स्टेडियमचं नाव झालं 'आसुल', आणि अत्लांते परत आस्तेकाच्या रिकाम्या खुर्च्यांमध्ये. मध्ये काही काळ नेसा शहरातल्या स्टेडियमवर. 2001 ला तर टेबलप्रमाणे खाली गेलेच होते, पण लीग 18 वरून 19 टीमची करायचं ठरलं आणि वेराक्रूझविरुद्ध प्लेऑफ जिंकून वाचले. नियम कधी तुमच्या बाजूने वाकतात, कधी तुमच्या विरुद्ध, हे या क्लबने दोन्ही बाजूंनी बघितलंय.

मालक आता अलेहान्द्रो बुरियो, तेलेविसाच्याच अस्कारागा घराण्यातला, पण स्वतंत्र धंदा असलेला. त्याने 2007 ला हिशोब मांडला. राजधानीत अमेरिका, पुमास, क्रूझ आझुल असे तीन तगडे क्लब, आपल्या मॅचला माणूस नाही. तर टीम उचलून थेट कान्कून. हजार मैलांच्या आसपास लांब, कॅरिबियन समुद्राच्या काठी, जिथे टुरिस्ट येतात आणि हॉटेलात कामाला देशभरातून लोक येतात. सतरा-अठरा हजारांचं आन्द्रेस किन्ताना रू स्टेडियम, सरकारने टॉप लीगसाठी सजवून दिलं.

धंदा म्हणून बघाल तर बरोबर होतं. आणि खेळ म्हणून तर पहिल्याच टूर्नामेंटला, 2007 च्या आपेर्तुराला (सीझनच्या पहिल्या हाफची लीग), अत्लांते चॅम्पियन! फायनल पुमासविरुद्ध, पहिली लेग 0-0, कान्कूनला 2-1. व्हेनेझुएलाच्या जियानकार्लो माल्दोनादोचा एक आणि क्लेमेन्ते ओवायेचा विजयी. कॅप्टन गोलकीपर फेदेरिको विलार, कोच क्रूझ. उष्ण, दमट हवा, पाहुण्या टीमला साठाव्या मिनिटानंतर श्वास पुरत नाही, छोटं भरलेलं स्टेडियम. चाळीस वर्षं जे घर आस्तेकात मिळालं नाही ते एका सीझनमध्ये मिळालं. राजधानीतला साठ वर्षांचा अत्लांतेवाला मात्र टीव्हीसमोर बसून एकटा जल्लोष करत होता, त्याचं काय करायचं हे त्या हिशोबात कुठे नव्हतं.

2008-09 ची कॉन्काकॅफ चॅम्पियन्स लीग, नव्या फॉरमॅटची पहिली. फायनल क्रूझ आझुलशी, त्यांच्या घरी म्हणजे अत्लांतेच्याच जुन्या स्टेडियमवर 2-0, कान्कूनला 0-0. म्हणून अबू धाबीचं तिकीट.

तिथलं तुम्हाला माहीत आहे पण पूर्ण सांगतो. आधी ऑकलंड सिटीला 3-0. मग 16 डिसेंबर, बार्सा. पाचव्या मिनिटाला गियेर्मो रोहास मागून बॉलवर पळाला आणि 1-0. पस्तिसाव्या मिनिटाला बुस्केत्सने बरोबरी केली, म्हणजे बरोबर अर्धा तास अत्लांते पुढे होते. दुसऱ्या हाफला मेस्सीला बाकावरून उतरवावं लागलं, आणि आल्यावर दोन मिनिटांत त्याने गोल केला, मग पेद्रोचा तिसरा. पेद्रोचा तो गोल म्हणजे एका वर्षात सहा वेगवेगळ्या स्पर्धांत गोल करणारा पहिला खेळाडू, म्हणून ती मॅच क्लिपांमध्ये अजून फिरते आणि अत्लांतेचं नाव तुमच्यासारख्यांच्या कानावर राहिलंय. तिसऱ्या नंबरच्या मॅचला कोरियाच्या पोहांग स्टीलर्सकडून पेनल्टीवर हरले. कोच म्हणून तो पहिला अर्धा तास मात्र बघण्यासारखा आहे. दोन लाइनमधलं अंतर किती कमी ठेवलंय आणि झावीकडे बॉल आला की कोण पुढे जातो, कोण मागे थांबतो ते बघा.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा, खाली कसे गेले.

मेक्सिकोत तेव्हा रेलिगेशन, म्हणजे खालच्या लीगला कोण जाणार, हे त्या सीझनच्या टेबलावर ठरायचं नाही. 'पोर्सेन्ताहे' नावाचं वेगळं टेबल असायचं. मागच्या तीन वर्षांतले सगळे पॉइंट भागिले मॅचेस, आणि ज्याची सरासरी सगळ्यात कमी तो खाली. वर्षात दोन छोट्या टूर्नामेंट असतात, प्रत्येकी 17 मॅचेस, म्हणजे शंभरएक मॅचची सरासरी. समजा नववी, दहावी, अकरावी तिन्हीच्या मार्कशीटची सरासरी काढून अकरावीला नापास करायचं, तसं. मोठ्या क्लबांना एका वाईट वर्षाचा फटका बसू नये म्हणून केलेला नियम. पण त्याची दुसरी बाजू अशी की दोन वर्षं हळूहळू घसरलात की तिसऱ्या वर्षी कितीही चांगला कोच आणा, आकडा हलत नाही. मी हे बाकीच्यांना समजावताना नेहमी सांगतो, एका वाईट सीझनमुळे अत्लांते पडलं नाही, बऱ्याच साध्यासुध्या सीझनमुळे पडलं. 2009 नंतर एकेक खेळाडू विकला गेला, विलारपण पुढे गेला, दर सहा महिन्यांनी नवीन कोच, कान्कूनचं नावीन्य संपलं, हॉटेलात काम करणाऱ्या माणसाला शनिवारी रात्री सुट्टी नसते आणि टुरिस्ट काही सीझन तिकीट काढत नाही. मे 2014 ला क्लाउसुरा (सीझनच्या दुसऱ्या हाफची लीग) संपली तेव्हा त्या टेबलात तळाला अत्लांते.

तरी तोपर्यंत जिना होता. 2015 च्या आपेर्तुराला सेकंड डिव्हिजनच्या फायनलपर्यंत पोहोचले पण नव्याने उभ्या राहिलेल्या हुआरेसकडून हरले. आणि मग नियमांची गंमत सुरू झाली.

आधी आलं सर्टिफिकेशन, आणि हे माझ्या कामाच्या टेबलावरचं. खाली जिंकलात तरी वर यायचं असेल तर स्टेडियमची क्षमता, हिशोबांचं ऑडिट, युवा टीम, मालकीची स्पष्टता, हे सगळं असलं पाहिजे. ऐकायला वावगं काही नाही, मी स्वतः अशाच अटी तपासतो आणि त्या हव्यातच. पण अट आधी लावून क्लबला उभं राहायला वेळ आणि पैसा दिला नाही तर ती अट न राहता दाराची कडी होते. 2018 ला ताप्पाचुला शहराची काफेतालेरोस टीम मैदानावर प्रमोशन जिंकली, पण सर्टिफिकेट नाही म्हणून वर गेलीच नाही. त्यांना 120 दशलक्ष पेसो मिळाले, आणि जी टीम खाली जायची होती, पुएब्लाची लोबोस, तिने तेवढेच पैसे भरून वर राहणं पसंत केलं. पुढच्या वर्षी सान लुइस सेकंड डिव्हिजन जिंकून वर गेली, मैदानावर जिंकून वर जाणारी ती शेवटची.

एप्रिल 2020, कोविड. लीगने जाहीर केलं की पाच-सहा वर्षांसाठी प्रमोशन-रेलिगेशन बंद. कारण दिलं की खालचे क्लब पैशाने मरायला टेकलेत, त्यांना सावरू द्या. सेकंड डिव्हिजन मोडून 'लिगा दे एक्स्पान्सिओन' काढली, तरुण खेळाडू घडवायची लीग म्हणून. वरच्या लीगमध्ये जे तळाला येतील त्यांनी दंड भरायचा, आणि तो पैसा खालच्यांना वाटायचा. म्हणजे वरचा हरला तरी जात नाही, फक्त चेक लिहितो. खालचा जिंकला तरी येत नाही, फक्त चेक घेतो. काही क्लबांनी हे मुकाट मान्य केलं, कारण खरंच पगार थकले होते, त्यांना दोष देणं सोपं आहे पण मी देणार नाही. ज्यांनी टीमचे पगार वेळेवर काढलेत त्यांना माहीत आहे महिन्याची तीस तारीख काय असते.

याच 2020 च्या उन्हाळ्यात अत्लांते तेरा वर्षांनी राजधानीत परत आलं, नव्या मालकाबरोबर, आणि गेलं कुठे तर त्याच सिउदाद दे लोस देपोर्तेसला. क्रूझ आझुल 2018 ला तिथून निघालं होतं, स्टेडियम पाडून मॉल बांधायची चर्चा होती, पण पाडलं नाही. लोक परत आले, आजोबा नातवाला घेऊन आले. सेकंड डिव्हिजनच्या मॅचला, जिच्यातून वर जाता येत नाही.

आणि जिंकायला पण लागले, हेच तर दुखतं. 2021 ची आपेर्तुरा जिंकली, फायनलला ताम्पिको मादेरो. 2022 ची आपेर्तुरा जिंकली, फायनलला सेलाया. 1977 ला एक ट्रॉफी पुरली होती, 1991 ला एक ट्रॉफी पुरली होती, आता दोन घेतल्या आणि पुढच्या सीझनचं फिक्स्चर तेच, विरोधी टीम त्याच.

तुम्ही खाली अजून एक विचारलंय की मग वर जायचा काही मार्गच नव्हता का. होता, आणि तो मेक्सिकोत कायमच राहिलाय: पैसे देऊन कुणाची तरी फ्रँचायझी विकत घ्यायची. तिथे लीगमधली जागा हे एक प्रकारचं सर्टिफिकेट असतं, ते गावाला चिकटलेलं नसतं, मालकाच्या हातात असतं. म्हणून तर अत्लांतेला केरेतारो, कान्कून सगळीकडे नेता आलं. 2020 ला मोरेलियाची टॉप लीगमधली जागा मासात्लानला गेली, मग मोरेलियाने काय केलं तर साकातेपेकची खालच्या लीगमधली जागा आपल्या गावात आणली, आणि साकातेपेक, पन्नासच्या दशकात दोनदा लीग जिंकलेलं उसाच्या कारखान्याचं गाव, टीमशिवाय राहिलं. दुसरा मार्ग कोर्टाचा. खालच्या लीगमधले काही क्लब मिळून लोझानच्या क्रीडा लवादाकडेही गेले, की जिंकणाऱ्याला वर जाऊ देणं हे खेळाच्या मूळ नियमांत बसतं आणि ते थांबवता येत नाही. लायसन्सिंगवाला म्हणून माझं मत त्यांच्याच बाजूचं आहे, अटी घाला, कडक घाला, पण पूर्ण करणाऱ्याला दार उघडा.

आणि अत्लांते निघून गेल्यावर कान्कूनच्या रिकाम्या स्टेडियमवर कोण आलं माहितीये? तीच काफेतालेरोस, जी 2018 ला जिंकूनही वर गेली नव्हती. ताप्पाचुलाहून आधी तुस्तला, तिथून 2020 ला कान्कून, नाव बदलून कान्कून एफसी. आता तीही एक्स्पान्सिओनमध्ये खेळते आणि तिथल्या शाळकरी पोरांना वाटतं ही टीम कायमची इथलीच.